पिल्लांची पाचवी

मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला निघाले म्हणून गिरणगाव पेटला होता, आणि लालबागच्या मैदानात अडकून पडलेल्या सर्कशीत नेमकी त्याच आठवड्यात सिंहीण व्याली. वेळ काय कुणाला विचारून येते.

सुंदरी गीरची. साऱ्या आशियात सिंह उरले ते त्या एका जंगलात, आणि तेही तीनशे भरत नव्हते. तिची राखण करणाऱ्या रामजीला तिची दोन पिल्लं म्हणजे देवानं सोपवलेली ठेव वाटत होती. जंगलात सिंहीण कळप सोडून झाडीत विते, पिल्लांना तोंडात धरून जागा बदलते, कित्येक आठवडे कुणाच्या नजरेला पडू देत नाही. पिंजऱ्यात ती लपवणार कुठे? म्हणून रामजीनं चारी बाजूंनी गोणपाट बांधलं आणि सर्कशीत सगळ्यांना बजावलं, पिल्लांना हात लावाल तर आईच त्यांना मारील. घरी बायकोशी, राधाशी, मात्र हे बोलायचं राहून गेलं. बाहेर गोळ्या सुटत होत्या, तरी सुंदरी पिल्लांना पोटाशी घेऊन पडून होती.

पाचव्या दिवशी संचारबंदी घटकाभर उठली, तसा तो तिच्यासाठी मटण शोधायला गेला.

परतला तेव्हा सुंदरी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली. दोन्ही पिल्लं मरून पडली होती, मानेवर दातांच्या खुणा. आणि कपाळावर काजळाची तीट होती.

"राधावैनी इली होती," त्याचा जोडीदार गंगाधर रडतच सांगू लागला. "पाचवी पुजूची म्हणाली. मी सुंदरीला पलीकडच्या खणात घेऊन मधली झडप पाडली. देवाच्या कामाक नाय कसा म्हणू?"

रामजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उगारलेला हात मात्र तसाच खाली आला. त्याचं आणि राधाचं पहिलं मूल आठवडाभरही जगलं नव्हतं. तेव्हा तो सर्कशीबरोबर दूर होता आणि पाचवी पुजायची राहिली होती. सटवाई रुसली, ही गाठ राधानं मनाशी बांधली ती कायमची.

त्यानं ओल्या फडक्यानं दोन्ही कपाळं पुसली.

"गोळीबाराच्या आवाजान बिथरली ती," घरी येऊन त्यानं राधाला सांगितलं.

राधानं डोळे पुसले. म्हणाली, "तुमका सांगूक नाय, पण मी त्यांची पाचवी पुजून इलंय. आपल्या बाळासारखी ती तशीच गेली नाय, ताच बरा."

"होय," रामजी म्हणाला, आणि हात धुवायला मोरीवर गेला.