पुढचा दांडा कोंडाजीचा

मित्रांनो, मोहोपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, गेटच्या आत डाव्या भिंतीला टेकून दोन दांड्यांचं मळकट हिरवं काहीतरी उभं दिसलं, तर ओळखा, तो मी. मी एक जुनं स्ट्रेचर आहे. हल्ली माझ्यावर कुणी रुमाल वाळत घालतं, कुणी डब्याची पिशवी अडकवतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि तीच तुम्हाला सांगायची आहे.

खोपोलीच्या एका सुताराने सागाचे दोन दांडे तासले, त्यांवर जाड कापड शिवलं, आणि मी इथे आलो. एकवीस वर्षं झाली. भाजलेले हात, मोडलेले पाय, रंगाच्या वासाने भोवळ आलेली माणसं, सगळ्यांना मी वाहिलं. मला उचलायला चौघं लागत. बाकी तिघं कुणीही असोत, पुढचा उजवा दांडा कायम कोंडाजीचा. हा कडावचा गडी. पहाटे दोन म्हशींची धार काढून, डेअरीला दूध घालून कंपनीची बस गाठायचा. दांडा हाताला रुततो म्हणून त्याने आपल्या जुन्या चौकड्याच्या लुंगीची पट्टी फाडून त्याला गुंडाळली होती. पडलेल्या माणसाला नेताना वाटभर बोलत राहायचा, "डोलं मिटू नको रं, आलाच दवाखाना." दसऱ्याला सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार घालून झाले की उरलेला हार तो मला घाली. मी भारी चढून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतली दर्शना कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आली आणि गेटवरच साहेबांना गाठून म्हणाली, "सर, हृदय एकदम थांबलं तर झटका देऊन ते चालू करणारी एक पेटी मिळते. काय करायचं ते ती स्वतः बोलून सांगते. आपल्याकडे एक हवीच."

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे आहे की आपल्याकडे. कोंडाजीसारखी माणसं आहेत. पाच मिनिटांत गाडीत घालतात. इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं का?"

दर्शना प्रयोगशाळेकडे परत वळली. आणि मी? मी मनातून फुगलो. त्या फुगण्याची मला आज लाज वाटते.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी तीनची पाळी सुटली होती. कोंडाजी कामाचे बूट काढून, चपला घालून बसकडे निघाला होता. माझ्यापासून चार पावलांवर तो धाडकन कोसळला. हातपाय झटकले, घशातून घोरल्यासारखा आवाज यायला लागला. त्याच्या शेजारी चालणारा गजा ओरडला, "फीट आली रं! चप्पल हुंगवा त्याला!" त्यानेच कोंडाजीच्या पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. कुणी कँटीनमधून कांदा फोडून आणला. कुणी तोंडावर पाणी मारलं. "घोरतोय, मंजे श्वास चालू हाय," असं म्हणून सगळे जरा निवांतसुद्धा झाले. माया होती हो सगळ्यांची त्याच्यावर. पण मायेने चप्पल धरली, तरी ती चप्पलच.

प्रयोगशाळा कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दर्शना धावत आली तोवर सहा-सात मिनिटं गेली होती. तिने छातीकडे निरखून पाहिलं आणि ती किंचाळली, "ही फीट नाही! हे घोरणं म्हणजे श्वास नाही! हृदय थांबलंय त्यांचं!" ती गुडघ्यांवर बसून छाती दाबायला लागली. एकटीच. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. बावीस मिनिटांनी अँब्युलन्स आली, तोवर तिचे हात भरून आले, पण ती थांबली नाही.

मग मला उघडलं. तिघांनी तीन टोकं धरली आणि सवयीने चौथ्याची वाट पाहू लागले. पुढचा उजवा दांडा तसाच राहिला. तो धरणारा माझ्यावरच निजला होता. शेवटी गजाने तो धरला, आणि लुंगीची पट्टी हाताला लागताच हुंदका देऊन रडला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या चार-पाच मिनिटांत झटका मिळाला असता, तर कदाचित वाचले असते." त्याला माझ्यासकटच गाडीत घातलं होतं, म्हणून मी तिथेच व्हरांड्यात पडलो होतो. मी माणसाला दवाखान्यापर्यंत नेतो, पण ज्याचं हृदय थांबलंय त्याच्याजवळ रस्त्याएवढा वेळ नसतो. हे मला एकवीस वर्षांनी कळलं.

एप्रिलमध्ये पेटी आली. माझ्या डोक्यावरच भिंतीला लावली आहे, कुलूप नाही. दर्शनाने सगळ्यांना एका बाहुल्यावर छाती दाबायला शिकवलं. सगळ्यांत जास्त वेळ गजा दाबत बसला होता.

पुढच्या महिन्यात कोंडाजीची बायको गौराबाई त्याचं सामान न्यायला आली. डबा, बूट, कंगवा. पेटीवरचा हिरवा दिवा पाहून तिने विचारलं, "ही कसली गं पेटी?" दर्शनाने सांगितलं.

"कवा आणली?"

"महिना झाला, काकू."

"मंजे ह्यांच्या मागनं," गौराबाई म्हणाली. दर्शना खाली वाकून डबा आणि बूट पिशवीत भरायला लागली.

मग गौराबाईची नजर माझ्याकडे गेली. दांड्यावरची पट्टी सैल होऊन लोंबत होती. "ही त्यांची लुंगी," ती म्हणाली. आता सोडून नेईल असं मला वाटलं. पण तिने ती पट्टी पुन्हा फेरे देऊन आवळून बांधली, वर गाठ मारली आणि पदराने डोळे पुसत बसकडे गेली.

मित्रांनो, तुमचे आईबाबा कुठे ना कुठे कामाला जात असतील. आज घरी आले की त्यांना विचारा, तिथे हृदयाला झटका देणारी ती पेटी आहे का, आणि ती वापरायला कुणाकुणाला येते. ते म्हणतील, "आमच्याकडे स्ट्रेचर आहे की." तेव्हा त्यांना माझ्या पुढच्या उजव्या दांड्याची गोष्ट सांगा. तो धरायला अजूनही कुणी आपणहून पुढे होत नाही.