बॉडी कोणाची

दार ढोपराने ढकलत वॉर्डबॉय बाहेर आला, हातातले रबरी मोजे ओढून काढत त्याने कॉरिडॉरभर नजर फिरवली आणि विचारलं,

"काल संध्याकाळची बॉडी कोणाची?"

बाकाच्या दोन टोकांवरून दोघं एकदम उठले. थोरली आणि धाकटा. मधली सगळी जागा रिकामी होती. सकाळपासून जो कोणी आला तो त्या जागेकडे, मग या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून उभाच राहिला होता.

"मी मुलगा," धाकटा पुढे होत म्हणाला.

"मी मुलगी. मोठी. मी आणलंय त्यांना इथे."

"एकानं कोणीतरी या. डॉक्टरांची सही झाली की बॉडी मिळेल. पण आधी घरच्यांनी ठरवा, नंतर माझ्या डोक्याला कटकट नको."

"बॉडी बॉडी काय लावलंय मघापासून?" ती त्याच्यावर एकदम उखडली. "माणूस आहे तो. माझे वडील आहेत."

वॉर्डबॉयला राग आला नाही. असं त्याला रोज कोणी ना कोणी म्हणत असणार. "मग काय म्हणू, ताई? तुम्हीच सांगा."

तिने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मृतदेह हा पेपरातला शब्द. प्रेत म्हणायला जीभ उचलेना. बाबा म्हणा, असं या परक्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? तो थोडा वेळ थांबला, तिच्या उत्तराची त्याला खरोखरच गरज असल्यासारखा, आणि मग आत निघून गेला.

धाकटा नाकातून हसला. "जन्मभर बॉड्या विकल्या. आता शब्द टोचतोय."

ती बोलली असती तर आवाज चढला असता, आणि भिंतीवर शांतता राखायची पाटी होती.

तो म्हणाला ते खोटं नव्हतं. बसच्या आणि ट्रकच्या बॉड्या बांधायची त्यांची शेड होती. वडिलांना सगळे मिस्त्री म्हणत. गाडी यायची ती नुसती चाकं, इंजिन आणि दोन लांब पट्ट्या, अंगावर काही नसलेली. तिला सांगाडा चढवायचा, पत्रा बसवायचा, टप घालायचा. बॉडी उभी राहिली, बॉडी वाकडी आली, बॉडीला आवाज येतोय, असं दिवसभर चालायचं. लहानपणी तिला वाटे की हा शब्द बाबांनीच शोधून काढलाय आणि बाकीच्यांनी तो त्यांच्याकडून उसना नेलाय.

पर्समधला फोन थरथरला. बसमालक होता. सकाळपासून त्याचे सारखे फोन येत होते. तिने या वेळी उचलला.

"ताई, माझी बॉडी कधी मिळणार ते एकदाचं सांगा," तो ओरडतच होता. "तुम्ही आज म्हणाला होतात. मी माणसं घेऊन शेडवर येऊन उभा आहे, तर इथे कुलूप! बॉडी तयार आहे की नाही?"

"नाही."

"नाही म्हणजे? मिस्त्रींना द्या फोन. तुम्हा बायकांशी बोलण्यात अर्थ नाही."

तिने बंद दाराकडे बघितलं. "मिस्त्री आत आहेत," ती म्हणाली आणि फोन बंद केला. खोटं ती बोलली नव्हती. फोन पर्समध्ये टाकून ती बाकावर बसली, आणि बसल्यावर कळलं की धाकटा सगळं ऐकत होता.

"त्याच्याच बसच्या टपावर चढून पडले ना बाबा?" त्याने विचारलं. "या वयात माणसाला शिडीवर चढवतेस तू?"

"मी चढवते? बाबांना कोणी चढवायला लागायचं? आणि अडवायला तू कुठे होतास? आरशासमोर?"

त्याचा जबडा आवळला. टीशर्टच्या बाह्या दंडांना फाटायला आल्या होत्या. जिममध्ये तो लोकांना वजनं उचलायला शिकवायचा. तिथे भिंतीवर त्याचाच फोटो होता, तेल लावलेला, उघडा. गल्लीत त्याला पहिलवान म्हणत. मिस्त्रींनी तो फोटो बघितला, आणि शेडवर सगळ्या कामगारांसमोर म्हणाले होते, "बॉडी आमच्याकडेही बनते. पण आमच्या बॉडीत चाळीस माणसं बसतात." कामगार पोट धरून हसले. हीसुद्धा हसली. दुसऱ्या दिवसापासून पोरगा शेडवर आला नाही. पुढे मिस्त्रींनी शेड लेकीच्या नावावर केली आणि पोराने कोर्टात दावा लावला. तेव्हापासून बहीणभावांचं बोलणं आईमार्फत व्हायचं, आणि आई अर्ध्या गोष्टी गाळून सांगायची.

आईमुळेच आज दोघांना एका बाकावर यावं लागलं होतं. आईच्या कंबरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, कूस बदलायचीसुद्धा मनाई होती. रात्री तिने दोघांना एकच निरोप दिला होता: मला बघायचेत ते. घरी आणा.

दुपारी शववाहिकेच्या ड्रायव्हरने सोसायटीच्या फाटकाशी गाडी लावली, स्ट्रेचर बाहेर ओढलं आणि हात झटकले. "आमचं काम खालपर्यंतच. वरचं तुमचं तुम्ही बघा." कामगारांना तिने परस्पर स्मशानात बोलावलं होतं. ते चुकलंच, हे तिला आता कळत होतं.

दोघांनी स्ट्रेचर उचलून लिफ्टपर्यंत आणलं. लिफ्टच्या दारासमोर सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हाताची घडी.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण लिफ्ट देता येणार नाही."

"बंद आहे?"

"बंद नाही. नव्या बॉडीचा ठराव आहे. लिफ्टमधून बॉडी न्यायची नाही."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कोणाचा?"

"नव्या बॉडीचा, हो. कमिटीच्या," बहिऱ्याला सांगावं तसं ते सावकाश म्हणाले. "जुनी बॉडी होती तेव्हा कसंही चालायचं. आता शिस्त आहे. लहान मुलं जातात लिफ्टने, घाबरतात. व्यक्तिशः माझा काही विरोध नाही."

"आई चौथ्या मजल्यावर आहे. तिला खाली आणता येत नाही, माहितीये तुम्हाला."

"मी समजू शकतो. पण बॉडीपुढे माझं काही चालत नाही."

धाकट्याने स्ट्रेचरची आपली बाजू जमिनीवर टेकवली. ती भीतीने त्याच्याकडे बघत राहिली, कारण हे टेकवणं तिला माहीत होतं, यानंतर तो हात उचलायचा. तो दोन पावलांत सेक्रेटरींपाशी पोचला आणि त्यांचं मनगट धरलं.

"लिफ्टचं हे दार बघा," तो हळूच म्हणाला. "पार्किंगमधला टेम्पो लागून चेपलं होतं. दार लागत नव्हतं. रविवारी घरचा हातोडा आणून कोणी सरळ केलं? तेव्हा बॉडीला विचारलं होतंत?"

ही गोष्ट ती स्वतः विसरली होती. धाकटा त्या वेळी घर सोडून गेलेला होता. आईने सांगितलं असणार.

"हात सोडा माझा," सेक्रेटरी म्हणाले. "ही गुंडगिरी आहे. मी पोलिसांना बोलवीन."

वरच्या गॅलऱ्यांतून माना बाहेर आल्या होत्या. खाली कोणीच उतरत नव्हतं.

"सोड त्यांना," ती म्हणाली. "बाबा उन्हात आहेत."

त्याने मागे वळून बघितलं. स्ट्रेचरचं पायाकडचं टोक खरंच सावलीच्या बाहेर राहिलं होतं. त्याने मनगट सोडलं.

स्ट्रेचर जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडलं. आडवं करून बघितलं, उभं करता येण्यासारखं नव्हतं. ती काही सुचवणार तेवढ्यात त्याने चादर नीट गुंडाळली, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि वडिलांना उचललं.

"मला जमेल," तो म्हणाला. "तू बाजूला हो."

"जपून."

"मला शिकवू नकोस."

ती रिकामं स्ट्रेचर भिंतीला टेकवून मागोमाग निघाली. पहिला मजला तो सरसर चढला. दुसऱ्यावर त्याचा श्वास ऐकू यायला लागला. मिस्त्री उंच होते, हाडापेराने दणकट, आणि आता त्यांच्याकडून काहीच मदत होत नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे तो भिंतीला खांदा लावून थांबला. त्याच्या दंडावरची शीर उडत होती. मानेवरून घामाचे ओघळ.

"काय झालं?"

"काही नाही."

"हात निसटतोय तुझा."

"निसटत नाहीये."

चादरीखालून बाबांचा हात बाहेर लोंबला. नखांत राखाडी रंग होता, टपाला लावायचा अस्तराचा. तिने पुढे होऊन तो हात आत घेतला आणि तिथेच, न विचारता, बाबांच्या खांद्यांखाली आपले हात सरकवले. त्याला ओझं तिच्याकडे द्यावं लागलं. त्याचं कपाळ तिच्या कपाळापासून वितीवर आलं. पहिल्यांदाच तिला दिसलं की त्याच्याही दाढीत पांढरे केस होते.

"घेतलं," ती म्हणाली. "तू पायाकडे जा."

तो गेला.

"उचल."

"थांब. पकड बदलू दे."

"बदल."

"हं. चल."

"माझ्या बाजूने डावीकडे. कठडा लागेल."

"दिसतोय. चल, चल. टेकवू नकोस."

शेडमध्ये पत्रे हलवताना दोघं असंच बोलत. लांब पत्रा, दोन टोकांना दोघं, मध्ये बाबा मागे मागे चालत हाताने दिशा दाखवणार. आता दिशा दाखवायला कोणी नव्हतं, आणि ती उलटी चढत होती. पायरी पायाने चाचपून मगच वजन टाकत होती. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर शेजारणीने दार उघडलं, बघितलं आणि परत लावून घेतलं.

आई उशीवर मान कलती करून दाराकडे डोळे लावून पडली होती. तिच्या पलंगाशेजारी मिस्त्रींचा पलंग होता, दोघांत हातभर अंतर. त्यांनी बाबांना तिथे ठेवलं. मग धाकट्याने तो अख्खा पलंग ढकलत आईच्या पलंगाला भिडवला, कारण आईचा हात पोचत नव्हता.

आईने चादर चेहऱ्यावरून दूर केली. मग बाबा रोज शेडवरून यायचे तेव्हा विचारायची त्याच आवाजात तिने विचारलं,

"आलात?"

तिने त्यांच्या कानामागचा रंग अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला. तो निघेना. तिने पदर ओठांनी ओला केला आणि पुन्हा पुसलं. "पोरांना दमवलंत," ती त्यांना म्हणाली.

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची रुंद पाठ हलत होती, आवाज मात्र नव्हता. थोरली स्वयंपाकघरात गेली. तिने दोन पेले पाणी भरलं, एक तिथेच उभ्याने प्यायली आणि दुसरा आणून त्याच्याजवळच्या खिडकीत ठेवला. हातात दिला नाही. त्याने तो थोड्या वेळाने घेतला.

ऊन कलायला लागलं तशी आईने स्वतःच चादर वर ओढली. "न्या आता," ती म्हणाली.

त्यांनी बाबांना दाराबाहेर आणलं तर लिफ्ट चौथ्या मजल्यावर येऊन थांबलेली होती. दार उघडं धरून सेक्रेटरी उभे होते. पेन खिशात नव्हतं. घरी बायकोने चांगलंच सुनावलं असावं, असा चेहरा झाला होता.

"लिफ्टने न्या," ते दोघांच्याही डोळ्यांत न बघता म्हणाले. "बॉडीशी मी बोलतो."

क्षणभर कोणालाच कळलं नाही ते कोणाशी बोलणार आहेत. धाकट्याने तिच्याकडे बघितलं. चार मजले चढून त्याचा टीशर्ट अजून ओला होता. हो म्हण, असं तो म्हणाला असता तरी तिला राग आला नसता. पण तो वाट बघत होता, तिने ठरवायची.

"नको," ती म्हणाली. "आम्ही नेतो."

सेक्रेटरींनी दार धरूनच ठेवलं. ते दोघं त्यांच्यासमोरून जिन्याकडे वळले.

"तू वर राहा," धाकटा म्हणाला. "उतरताना खालच्यावर भार येतो."

एरवी ती यावरून भांडली असती. ती डोक्याच्या बाजूला उभी राहिली आणि त्याने पायांकडून भार अंगावर घेतला, छातीवर, हनुवटीपर्यंत. आता उलटं चालायची पाळी त्याची होती. चार पायऱ्या उतरल्यावर तो बोलला. खाली बघत, धापा टाकत, पण स्पष्ट.

"दावा मी मागे घेणार नाहीये."

"मी म्हटलंय का घे म्हणून?"

"पुढच्या आठवड्यात तारीख आहे. यावं लागेल तुला."

"येईन," ती म्हणाली. "आता पायरी बघ."