आठ नंबरची जागा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मी जोडखुर्ची आहे. दोन जागा, दोन पाठी आणि दोघींच्या मधे एकच लोखंडी पाय. डाव्या जागेच्या पाठीवर सात आकडा रंगवलेला आहे, उजव्या पाठीवर आठ. बसणारा उठला की माझी फळी आपोआप वर उडते आणि खट् असा आवाज होतो. त्या आवाजाचा मला अजूनही अभिमान आहे.

मिलवॉकीच्या जुन्या बेसबॉल मैदानात, पहिल्या बेसच्या मागे, माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्यावर मोहरीची चटणी सांडली, शेंगांची टरफलं साचली, हरल्यावर लाथाही बसल्या. पण आमच्या संघाने धाव काढली की हजारो फळ्या एकदम खटाखट वर उडायच्या आणि सगळं विसरायला व्हायचं.

दर रविवारी माझ्यावर एक बहीणभाऊ बसत. सातवर क्लेम वोयताक, बिअरच्या कारखान्यात पिंपं भरणारा. आठवर त्याची धाकटी बहीण लोरेटा, शाळेची बस चालवणारी. दोघं सामनाभर भांडत आणि शेंगांची पिशवी मात्र एकच आणत.

एका रविवारी हॉलस्टेड नावाचा आमचा कोवळा पिचर असा काही चेंडू टाकत होता की समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे पळून बेस गाठता येईल असा फटका, मिळेना. असं सामनाभर घडलं तर तो पराक्रम लोक वर्षानुवर्षं सांगतात. पण मित्रांनो, तो घडत असताना त्याचं नाव काढायचं नसतं. काढलं की दृष्ट लागते. खेळाडूही पिचरशेजारी बसत नाहीत. सातव्या डावाच्या मध्यावर रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहून गायले, डाव पुरा झाला आणि लोरेटाला राहवलं नाही.

"क्लेम, बघितलंस? नवांपैकी सात डाव झाले, पोराने एक हिट दिली नाही!"

क्लेमचा चेहरा पांढरा पडला. पुढच्याच चेंडूवर हिट बसली.

"बोललीस ना! जरा तोंड मिटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

सामना आम्ही जिंकलो होतो, पण ते क्लेम कधी कुणाला सांगत नाही.

पुढे ते मैदान पाडलं. खुर्च्या विकायला निघाल्या तेव्हा क्लेम शोधत शोधत माझ्यापर्यंत आला आणि मला आपल्या घराच्या ओसरीवर घेऊन आला. खालच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको बर्निस, वरच्या मजल्यावर लोरेटा. एरवी लोरेटा खुशाल माझ्यावर बसे. पण रेडिओवर सामना लागला की तिची दृष्ट नको म्हणून क्लेम मानेने वरचा मजला दाखवत म्हणे, "वर जा बाई, खेळ सुरू झालाय." लोरेटा हसायची आणि जायची. ते हसणं पुरतं हसणं नव्हतं. मला माणसांचं हसणं कळतं, मी मैदानातली आहे. आठवर मग बर्निस बसायची आणि नवऱ्याला शेंगा सोलून द्यायची.

मग एका शरदात बर्निस वारली. हिवाळाभर क्लेम एवढंच म्हणत राहिला, "एप्रिलमध्ये खेळ सुरू झाला की बरं वाटेल." एप्रिल आला, पण रोगाची साथही आली. सगळे सामने थांबले. क्लेमने पडदे ओढून घेतले. माझ्यावर धूळ बसली, चिमण्यांनी आपली कामं उरकली.

लोरेटा रोज ताट घेऊन खाली यायची.

"क्लेम, दार उघड. सॉसेज भाजलेत."

"भूक नाही."

"मग वास घे आणि परत दे."

दार किलकिलं व्हायचं, पण क्लेम बाहेर येत नसे. म्हातारा असा आत आतच विझणार, ही लोरेटाची धास्ती होती. माझीही होती.

त्या दिवसांत चाहत्यांना घरी करमावं म्हणून रेडिओवाले जुने सामने लावत. लोकांनी फोन करून मागायचे. एके सकाळी वरच्या सज्ज्यातून लोरेटाचा आवाज आला. "नाही हो, अजिंक्यपदाचा नको. हॉलस्टेडचा. हो, तोच, शेवटी हिट गेली तो. मला तोच हवा." पुढचा आठवडाभर ती रोज फोन करत होती.

अखेर एका दुपारी तिने क्लेमचं दार ठोठावलं. "आज सामना आहे."

"कसला सामना? सगळं बंद आहे."

"जुना. हॉलस्टेडचा."

दार उघडलं. पायांत सपाता, डोक्यावर संघाची टोपी, हातात रेडिओ. क्लेमने माझ्या आठ नंबरवर शेंगांची पिशवी ठेवली आणि सातवर बसला. "कोणी मागितला हा सामना? डोकी फिरलीत लोकांची."

"असतात काही वेडे," लोरेटा म्हणाली.

"तू वर जा."

"मी पायरीवर बसते. पायरी काही खुर्ची नाही."

शेजारचा रुडी कुत्र्याला फिरवत कुंपणापाशी थांबला. तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणाला, "अरे, हा तोच ना, ज्यात हॉलस्टेडने..."

"गप्प!" दोघंही एकदम ओरडली. कुत्रं घाबरून खाली बसलं.

सातव्या डावात रेडिओवर गाणं लागलं. क्लेम सवयीने उठला, माझी एक फळी खट् वाजली. लोरेटाही पायरीवर उभी राहिली. दोघं गायली, बेसूरच. मग आठवा डाव लागला. लोरेटाने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. रेडिओत बॅटचा आवाज आला आणि सगळं मैदान हळहळलं.

क्लेम बहिणीकडे बघत होता. "तू काही बोललीस?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मी बघत होतो. हात होते तोंडावर. तरी मारलीच त्याने."

मित्रांनो, मी नुसतं लाकूड आहे, पण जुना सामना बदलत नसतो हे मलाही कळतं. लोरेटालाही कळत होतं. पण तिने तोंडावरचे हात काढले नाहीत.

"म्हणजे तेव्हाही मारलीच असती," क्लेम म्हणाला. "आणि मी तुला इतकी वर्षं..."

त्याने आठवरची पिशवी उचलली, टरफलं बाहीने झटकली. "ये. बस."

"सामना चालू आहे, क्लेम."

"म्हणूनच म्हणतोय."

ती बसली. तिने शेंगा सोलून भावाच्या हातावर ठेवल्या. जरा वेळाने म्हणाली, "शेवटी आपणच जिंकतो, हे सांगू का?"

"गप्प बस," क्लेम म्हणाला, आणि किती दिवसांनी हसला.

मित्रांनो, माझा रंग उडालाय, बोल्ट गंजलेत. तेल दिलंत तर बरंच होईल. पण जोडखुर्चीवर नेहमी एकच माणूस बसलं की मधला पाय वाकतो, आणि तो कुठल्याही तेलाने सरळ होत नाही. तुमच्या शेजारची जागा रिकामी असेल तर तिच्यावरची पिशवी उचला आणि हाक मारा. माणूस बहुधा पायरीवरच बसलेलं असतं.