रंगवायचा राहिलेला तोब

अस्वानच्या युवा केंद्रातला पंखा फिरत होता, पण हवा हलत नव्हती. मवाहिब मांडीवर टॅब्लेट घेऊन बसली होती आणि पडद्यावरच्या चित्रात तिची आई फुलाफुलांचा तोब, सुदानी बायकांचे साडीसारखे लांब वस्त्र, अंगाभोवती गुंडाळून उभी होती. केशरी फुले, गुलाबी फुले, पदराच्या काठाला सोनेरी वेल.

चित्र सर्वांचे होते. नाईलच्या धक्क्यावर नावेची वाट पाहणाऱ्या बायका, हा विषय केंद्रात चित्रकला शिकवणाऱ्या उस्ताज शाज़लींनी दिलेला. अस्वानच्या नूबी मुलींनी आपल्या घरची एकेक बाई काढायची, युद्धामुळे सुदानहून इकडे आलेल्या मुलींनी आपल्या घरची. मग एकमेकींच्या कामात भर घालायची. नियम एकच होता : दुसरीने काढलेले पुसायचे नाही.

अस्वानच्या नब्राने काही पुसले नव्हते. तिने आदल्या दिवशी घरी बसून फक्त भर घातली होती आणि वर निरोपही पाठवला होता, की तुझी बाई फार उदास दिसत होती, जरा नटवली.

मवाहिबला राग यायला हवा होता. पण रागालाही थोडी ताकद लागते, आणि तिची ताकद लोकांना समजावून सांगण्यातच संपत आली होती. घरमालकाला सांगायचे, निर्वासितांच्या कचेरीतल्या बाईला सांगायचे, भाजीवाल्यालासुद्धा. कुठून आलात, परत कधी जाणार, वडील काय करतात. या शेवटच्या प्रश्नाला केंद्रात तिचे ठरलेले उत्तर होते, की बाबा ओम्दुर्मानला आहेत. ते खोटेही नव्हते. शेजाऱ्यांनी त्यांना ओम्दुर्मानलाच, सुदानमधल्या घराच्या अंगणात पुरले होते. ती बातमी पोचली त्या दिवसापासून आई जाड्याभरड्या पांढऱ्या तोबमध्ये वावरत होती. मेंदी नाही, अत्तर नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

काल संध्याकाळी आईने फोनवर हे चित्र पाहिले. बराच वेळ पाहिले, आणि फोन परत देत म्हणाली, "फुलं छान आहेत गं. पण ही बाई कोण?"



गुरुवारी हे चित्र नदीकाठच्या रस्त्यावर मोठ्या पडद्यावर लागणार होते. फुले काढायला सांगावे, तर कारण द्यावे लागणार. आणि कारण म्हणजे ते एक वाक्य, जे तिने अजून कुणाजवळही उच्चारले नव्हते. गप्प बसावे, तर आई साऱ्या गावासमोर परकी बाई होऊन उभी राहणार.

नब्रा करकदेच्या, वाळल्या जास्वंदीच्या सरबताचे दोन पेले घेऊन आली आणि एक तिच्यापुढे ठेवून शेजारी बसली.

"नाही आवडलं ना? तोंड बघ स्वतःचं," ती म्हणाली. "माझ्या आजीच्या काळ्या झग्यावर तुमच्यातल्या एकीने चांदण्या काढल्यात. आजी म्हणते, या वयात मला नवरी केली मेल्यांनी. मी बोलले का काही?"

"तुझी आजी दुखवट्यात नाहीये."

नब्राच्या ओठांपर्यंत गेलेला पेला तिथेच थांबला.

"बाबा गेले," मवाहिब म्हणाली. "आमच्यात मग बाई पांढरं नेसते."

आवाज इतका सपाट निघाला, की तिचे तिलाच नवल वाटले. बसची वेळ सांगावी तसा. नब्रा हलक्या आवाजात दुआ पुटपुटली. आमच्याकडे दुखवट्यात काळे घालतात, आपल्याला वाटले हा तोब रंगवायचा राहिला आहे, असे काहीसे नब्राने नंतर सांगितले. बोलता बोलता तिने चित्राची आधीची प्रत उघडली आणि आईची आकृती मोठी केली.

"पण मवाहिब, इथे पांढरा नाहीच आहे गं. इथे काहीच नाही."

ते खरे होते. आईचा चेहरा रंगवला होता, हातावरच्या शिरा रंगवल्या होत्या, पायातल्या चपलांचे उसवलेले पट्टेसुद्धा. तोबची मात्र नुसती रेघ होती आणि आत कोरा पडदा. आपण पांढरा रंगवला, असे मवाहिब इतके दिवस धरून चालली होती.

नियमाचे काय, हे विचारायला दोघी शाज़लींकडे गेल्या. गुरुवारच्या धास्तीने त्यांचाही चेहरा ओढला होता. ज्याने काढले त्याने पुसायला हरकत नाही, एवढेच ते म्हणाले. नब्राने आपली फुले आपल्या हाताने पुसली आणि टॅब्लेट मवाहिबकडे सरकवला.

"तू रंगव. मला तो पांढरा ठाऊक नाही."

पडद्यावरचा तयार पांढरा फार लख्ख होता, शाळेत जाणाऱ्या शिक्षिकांच्या कडक इस्त्रीच्या तोबसारखा. मवाहिबने त्यात किंचित पिवळा मिसळला, मग थोडी राख. जाड सुताची वीण ती आडवी-उभी ओढत राहिली. मध्येच वीज गेली, पंखा थांबला; नब्राने वही घेतली आणि ती तिला वारा घालू लागली.

संध्याकाळी मवाहिबने आईच्या हातात फोन दिला. आईने तो डोळ्यांजवळ नेला.

"डोक्यावरून इतका सैल नाही घेत मी," ती म्हणाली. "घसरेल तो."

मवाहिबने मान हलवली. उद्या नीट करते, एवढे म्हणण्याचेही त्राण तिच्यात उरले नव्हते. ती आईशेजारी भिंतीला टेकून बसली. आईने फोन परत दिला नाही.