कबिनीकाठचा तांदूळ

हयग्रीवरावांची सारी अब्रू एका जळक्या तांदळावर उभी होती. हजारो वर्षांपूर्वी कबिनी नदीकाठी माणसं राहत होती. तिथली माती रावांनी म्हैसूरच्या प्रयोगशाळेत आणून टाकीच्या पाण्यात धुतली, तेव्हा हुलग्यांच्या आणि भरड धान्याच्या कोळशाबरोबर हा एकुलता एक दाणा तरंगत वर आला. जिथं भात पिकतच नव्हता तिथं तांदूळ आला, म्हणजे व्यापार आला, बाजार आला, असं राव गावोगावच्या परिषदांत सांगत सुटले. दाण्याचा कोंब जागेवर नव्हता, गिरणीतून काढल्यासारखा तो साफ होता. त्यावरही रावांनी प्राचीन लोकांच्या सडण्या-कांडण्याच्या कौशल्यावर दोन पानं खर्ची घातली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

अन्विता ही त्यांची विद्यार्थिनी, जुन्या शिलेदार घराण्यातली. तिचा प्रबंध याच दाण्यावर बेतलेला. परीक्षकांनी एवढंच विचारलं, की दाण्याचं वय मोजलंय का. मोजायचं तर तपासणीत दाणाच संपतो, म्हणून रावांनी आजवर चालढकल केली होती. पण वय नाही तर पदवी नाही म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. लेक सासरी धाडावी तसा त्यांनी तो दाणा डोळे पुसत तपासणीला धाडला.

उत्तर आलं. दाणा हल्लीचा होता, गेल्या काही वर्षांतला.

अन्विता रडकुंडीला आली. "माझ्याच डब्यातला असणार सर. टाकीजवळ बसून चित्रान्नाचा भात खायची मी. भांड्याच्या तळाला लागून करपलेला एखादा दाणा पडला असेल. एवढी वर्षं माझ्याच हातानं मातीत घातली."

रावांना सगळं लख्ख आठवलं. नवमीच्या आयुधपूजेला म्हैसुरात रिक्षाला हार पडतो, संगणकाला कुंकू लागतं. रावांनी मात्र प्रयोगशाळेत पूजेला बंदी घातली होती. विज्ञानाला हळदकुंकू लागत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. दाणा सापडला त्या वर्षी माती धुण्याच्या टाकीचा पंप सारा हंगाम रुसून बसला होता. नवमीला पोरं घरी गेली आणि रावांनी इकडंतिकडं पाहून टाकीच्या काठावर कापूर पेटवला, अक्षता वाहिल्या. काही जळत्या कापरावरच पडल्या. पंप लगेच सुरू झाला. दसरा झाल्यावर त्याच टाकीत कबिनीची माती धुतली. अक्षता कुठं गेल्या हे बघायचं कुणाच्या लक्षात राहतं?

गप्प बसणं सोपं होतं. पोरगी दोष आपल्या माथी घेऊन मोकळी झाली होती. पण तिचे सुजलेले डोळे पाहून रावांना स्वतःची लाज वाटली, खरीखुरी.

"नोडम्मा, हे बघ, दाणा तुझ्या डब्यातला नव्हता," ते म्हणाले. "मी पूजा केली होती टाकीची. अक्षता माझ्याच."

"नीवा, सर? तुम्ही?"

"हौदु. मीच."

अन्वितानं विचारलं, "आणि पंप?"

"चालला की."

"आयितु, झालं तर मग," म्हणून ती डोळे पुसून कामाला लागली.

प्रबंधातून व्यापार गेला, बाजार उठला. माणसं दारात पिकेल ते हुलगे खाऊन जगत होती, एवढंच उरलं. शिवाय खोटा दाणा नमुन्यात कसा शिरतो यावर अन्वितानं एक नवं प्रकरण लिहिलं, शास्त्राच्या कोरड्या भाषेत. ते रावांच्या सहीसाठी आलं. 'टाकीच्या काठावरील काजळी पाहता येथे धार्मिक विधी झाला असावा. विधी करणारी व्यक्ती पुरुष, वयस्कर, उच्चशिक्षित आणि बहुधा श्रद्धाळू.'

पोरीनं नाव घातलं नव्हतं. रावांनी पेन काढून 'व्यक्ती'च्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. मग बराच वेळ विचार करून 'बहुधा' खोडला आणि खाली सही केली.