खिरीचं बटण

यशोधराने अर्धा चमचा खीर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि ती खरी चव आठवू लागली. नारळाचं दूध नारळाचं म्हणून कळत नव्हतं. सोयाबीनचा कच्चा वास वेलदोड्याने झाकला होता. नगरच्या बेकरी सामानाच्या दुकानातून आणलेल्या दुधाच्या इसेन्सचे आज तीनच थेंब टाकले होते. काल पाच टाकल्यावर सगळ्या घराला आइस्कांडीच्या गाडीचा वास लागला होता. आज जमली होती. पण जमली म्हणजे कशासारखी जमली, ते तिला नक्की सांगता येईना. खऱ्या दुधाची खीर खाऊन तिला चार वर्षं झाली होती.

तिने दुसरा चमचा भरून संदीपसमोर धरला.

"खऱ्यासारखी लागते का?"

"खऱ्यासारखीच," संदीप म्हणाला. कालचीही त्याला खऱ्यासारखीच लागली होती. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता, रसातली साखर त्याला दशांशापर्यंत मोजता येई. पण घरातल्या गोष्टींना तो पदरचे मार्क देत असे.

तिने खीर कडीच्या छोट्या डब्यात ओतली आणि झाकण दोनदा दाबून बघितलं.

सीमा अकरा महिन्यांची होती तेव्हा एका लग्नात कुणीतरी कौतुकाने तिला चमचाभर दूधभात भरवला. पाव तासात तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. बेलापुराहून नगरपर्यंत जीपमध्ये यशोधरा तो आवाज ऐकत होती, आणि मध्येच तो थांबला तर काय, याचाही विचार करत होती. डॉक्टरांनी सांगितलं, दुधाचा थेंब नको. दही, ताक, तूप, काही नको. अंगावर पाजताय तोवर तुम्हीही घेऊ नका. पाजणं सुटलं, पण यशोधराचं पथ्य सुटलं नाही. घरात दूध येणं बंद झालं, चहा कोरा झाला. संदीप कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुधाचा चहा प्यायचा आणि घरी आल्यावर आधी अंगणातल्या नळावर चूळ भरायचा. चुळा किती लांबल्या त्यावरून आज किती कप झाले ते तिला आतून कळायचं. ती स्वतः कोऱ्या चहावरच राहायची. नणंदेच्या लग्नात मात्र ती आचाऱ्याच्या मागे, बासुंदीच्या कढईजवळ बराच वेळ उभी राहिली होती. कुणी विचारलं तेव्हा, मीठ न्यायला आले, असं म्हणाली होती.

यंत्राची गोष्ट सीमा तीन वर्षांची असताना, चौऱ्याण्णव साली सुरू झाली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक काळं बटण होतं, त्याची वायर केव्हाच तुटलेली. सीमा जेवायला कुरकुर करायची तेव्हा यशोधरा ते बटण दाबून सांगायची, हे दोन हजार पन्नास साल. आता कुणी स्वयंपाक करत नाही. भिंतीतून नळी येते आणि मागाल ते येतं. पेढे येतात, श्रीखंड येतं, पण त्याला गाय लागत नाही की म्हैस लागत नाही. सगळं बरण्यांमध्ये तयार होतं, शास्त्रज्ञ बायका बनवतात, आणि कितीही खाल्लं तरी कुणाला काही होत नाही.

"मग गाई काय करतात?" सीमाने विचारलं होतं.

"हिंडतात. लोक त्यांना बघायला जातात."

"मी तेव्हा केवढी असेन?"

"एकोणसाठ वर्षांची."

सीमाने बराच विचार केला होता. "मग मी तुला जेवायला बोलवीन," ती म्हणाली होती. आणि यशोधराने मनातल्या मनात स्वतःचं वय मिळवून पाहिलं होतं.

गोष्टीत एक नियम यशोधराने मुद्दाम घातला होता. यंत्र लाजाळू आहे. एकाचं चालू असलं की दुसऱ्याने तिकडे बघायचं नाही, भिंतीकडे तोंड करायचं, नाहीतर ते बंद पडतं. बालवाडीत कुणाच्या वाढदिवसाला पेढे वाटले, बारशात आइस्क्रीम आलं, की सीमा आपली आपण भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बाईंना ते विचित्र वाटायचं. यशोधराला ते बघवायचं नाही. पण पोर जिवंत असायची.

यंत्रात सगळं होतं, फक्त खीर नव्हती. वैशाख पौर्णिमेला विहारात सगळी मुलं खीर खायची आणि सीमा चुरमुरे खायची. "खिरीचं बटण अजून बसवायचंय," असं यशोधरा दोन वर्षं सांगत आली होती. या वर्षी तिने शब्द दिला होता. बीएस्सीला केमिस्ट्री घेतली त्याचा आजवर एवढाच उपयोग झाला, असं ती संदीपला हसत म्हणाली, पण डबा पिशवीत ठेवताना तिने झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

विहारात वंदना झाली तेव्हा ऊन चढलं होतं. पत्र्याखाली सतरंज्या अंथरल्या होत्या, मुलं पंगतीत बसली होती, आणि मोठ्या पातेल्यापाशी झुंबरबाई ओगराळं घेऊन उभी होती. दरसालची खीर तिच्याच हातची असे. पहाटे चुलीवर चढवायची, आणि दुसऱ्या कुणाला ढवळू द्यायची नाही. दगडाबाईने एकदा ढवळायला घेतलं तर झुंबरबाई म्हणाली होती, तू नगं, तुझ्या हातानं दूध रुसतं. यावर बाया अजून हसत.

झुंबरबाई ऐन तरुणपणात एका बागायतदाराच्या मळ्यात कामाला होती. तिथे तिची कपबशी गोठ्याच्या कुडात खोचलेली असे. चहा वरून, लांबून ओतला जाई. ती हकिकत ती दर पौर्णिमेला सांगे आणि शेवटी म्हणे, म्हनून मी कुनाला लांबून वाढत न्हाई. खरोखरच ती प्रत्येक पोरासमोर उकिडवी बसून, वाटीला ओगराळं टेकवून वाढायची. साठीच्या गुडघ्यांनी.

यशोधराने सीमाला पंगतीच्या टोकाला बसवलं, डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला आणि चमचा हातात दिला.

"हे बटण आहे?" सीमाने डब्यात बघत विचारलं.

"हेच."

"सगळ्यांसारखी?"

"सगळ्यांसारखी. सगळ्यांना वाढून होऊ दे, मग बरोबर सुरू करायचं."

तेवढ्यात कुणीतरी मेणबत्त्या लावायला हाक मारली. वारा होता, यशोधराच्या दोन काड्या विझल्या. तिसरी पेटवून तिने मागे वळून बघितलं, तेव्हा झुंबरबाई सीमासमोर उकिडवी बसली होती आणि ओगराळं डब्यावरून परत येत होतं. सीमाचा चमचा भरलेला होता. तोंडाकडे निघालेला होता.

नंतर यशोधराला आपण मधलं अंतर कसं ओलांडलं ते आठवलं नाही. चमचा उडाला. डबा कलंडला आणि पांढरी खीर सतरंजीवर पसरली. तिने सीमाची हनुवटी धरली.

"तोंड उघड. खाल्लंस? खरं सांग, खाल्लंस?"

सीमाने मान हलवली. नाही खाल्लं, म्हणून जीभ बाहेर काढून दाखवली. यशोधराने तिच्या ओठांवरून पदर फिरवला, पुन्हा फिरवला, मग छातीला कान लावला. श्वास साधा होता. घाबरलेला, पण साधा.

पंगतीतली मुलं चमचे खाली ठेवून बघत होती. झुंबरबाई अजून उकिडवीच होती. ओगराळ्यातून एक थेंब तिच्या पायावर पडला.

"लेकराची खीर पानचट दिसत हुती," ती म्हणाली. "म्हनून वरून घातली जराशी."

"मावशी, मी सांगितलं होतं. तिला दूध चालत नाही."

"शिकल्याल्या मानसांचं डबं येगळंच असत्यात," मागून दगडाबाई म्हणाली. कुणी हसलं नाही.

यशोधराने खरंच सांगितलं होतं. चार वर्षं, प्रत्येकीला. प्रत्येकीने मान डोलावली होती आणि कुणालाच ते पटलं नव्हतं. दुधाने कुणाला काही होतं हे ऐकून घ्यायचं, पण मनात ठेवायचं नाही, असं काहीतरी. तिला जीपमधली शिट्टी सांगायची होती, सुजलेले ओठ सांगायचे होते. पण झुंबरबाई सतरंजीवरच्या खिरीकडे बघत नव्हती. ती त्या छोट्या स्टीलच्या डब्याकडे बघत होती, जो पंगतीच्या टोकाला, सगळ्या वाट्यांपासून वेगळा ठेवला होता. आणि ती काय बघते आहे ते यशोधराला एकदम दिसलं.

"माझ्या हातचं म्हनून न्हाई ना, पोरी?" झुंबरबाईने हळू विचारलं.

"नाही हो मावशी. शपथ. तिचा जीव जाईल म्हणून."

झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पातेल्यापर्यंत गेली. एक वाटी घेतली, ती पदराने पुसली, काठोकाठ भरली, आणि परत येऊन यशोधरासमोर पुन्हा उकिडवी बसली. वाटी तिने पुढे धरली.

"बरं. तिला न्हाई चालत," ती म्हणाली. "तुला तर चालतं ना?"

वाटीतून वाफ येत होती. यशोधराच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याची तिला लाज वाटली. नाही म्हणायला तिच्याकडे कारण होतं, चार वर्षांचं. पण ते कारण या बाईसमोर, या पंगतीत, बोलून कसं दाखवायचं? आणि हो म्हणायचं तर शेजारी सीमा होती. तिचा डबा उपडा पडला होता. तिचं बटण, दोन वर्षं ताटकळत ठेवलेलं, सतरंजीत मुरत चाललं होतं.

सीमा डब्याकडे बघत होती. मग तिने वाटीकडे बघितलं, मग झुंबरबाईच्या हाताकडे. वाटी जड होती, तरी तो हात खाली आला नव्हता.

"आई," ती म्हणाली, "तुझं यंत्र चालू झालंय."

ती उठली. विहाराच्या भिंतीपाशी गेली, चुन्याच्या एका पोपड्यावर अंगठा दाबला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फ्रॉकची नाडी मागे सुटली होती.

"मी बघत नाही," ती भिंतीला म्हणाली. "नाहीतर बंद पडेल."

यशोधराने वाटी दोन्ही हातांनी घेतली. चमचा नव्हता. तिने ती तोंडाला लावली.

एकच घोट घ्यायचा असं तिने ठरवलं होतं, झुंबरबाईचा मान राहण्यापुरता. पण पहिल्या घोटातच तिला कळलं की घरी, पातेल्यापाशी, ती भलतंच काहीतरी आठवत होती. ही खीर तशी नव्हतीच. तांदूळ दुधात विरून गेला होता, आणि खाली, अगदी खाली, पातेल्याच्या बुडाला किंचित लागलेल्या दुधाचा वास होता, थोडा धुराचा. तो वास तिच्या कुठल्याच बाटलीत नव्हता. असा वास असतो हेच ती विसरली होती. तिने दुसरा घोट घेतला. मग तिसरा. पत्र्याखालची माणसं, दगडाबाई, सतरंजीवरचा डाग, सगळं जरा लांब गेलं. झुंबरबाई वाटीकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावरचा ताण एकेक सुरकुती करून सुटत होता.

"कशी आहे?" भिंतीपासून आवाज आला.

यशोधराने गिळलं.

"गोड आहे."

"माझ्यासारखीच?"

यशोधराने सतरंजीवरच्या डागाकडे बघितलं.

"तुझ्यासारखीच."

सीमाने मान हलवली. पाठमोरी होती तरी ते दिसलं. तिने अंगठा भिंतीवरून काढला नव्हता. जोर देऊन त्याचं नख पांढरं झालं होतं.

यशोधराने वाटी तिरकी केली. बुडाशी चिकटलेली दोन शितं तिने बोटाने पुसून घेतली, आणि ते बोट तोंडात असतानाच सीमाने विचारलं,

"झाली? बघू आता?"

वाटी रिकामी होती. यशोधराने मान वर केली. झुंबरबाई केव्हाच उठून पातेल्यापाशी गेली होती. तिने ओगराळं भरून आणलं, आणि वाटीला टेकवलं.

"थांब," यशोधरा म्हणाली. "अजून थोडी आहे."