जर्मनचं ताट

यशोधरा रिकाम्या पिंजऱ्यातला ओला कागद गुंडाळत होती, तेव्हा दारातून कुणीतरी विचारलं,

"बाय, मांजरी पकरून आनतान ती जागा हीच काय?"

दारात सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, काखेत पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं, पोचे पडलेलं जर्मनचं ताट. नाव सुंदराबाई. जन्म मोरिवलीत गेलेला. आता मुलाने वांगणीला फ्लॅट घेतला म्हणून सामानाबरोबर टेम्पोत बसून निघाल्या होत्या. एमआयडीसीच्या नाक्यावर टेम्पोने गचका दिला आणि मांडीवरच्या टोपलीतून त्यांची मांजर उडी मारून पळाली. तेव्हापासून त्या रोज वांगणीहून येत होत्या आणि कारखान्यांच्या भिंतींना लागून हाका मारत फिरत होत्या. शेवटी एका वॉचमनने प्राण्यांच्या या निवाऱ्याचा पत्ता दिला.

"पांढरी हाय. शेपटीचा शेंडा वाकरा. ठकी नाव."

'नाही हो, अशी कुठली आली नाही,' हे वाक्य यशोधराच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने हातातला कागद आणखी घट्ट पिळला.

"आली होती, आजी. काल परत सोडली."

"सोरली? कुठं?"

"पकडली तिथेच. नाक्यावरच्या कारखान्याच्या मागे."

"अगो, ती घरातली हाय. माज्या उशाला निजते. सोरली कशी तुमी?"

पशुवैद्यकाची पदवी घेऊन यशोधरा इथे पुढचं शिकायला आली होती, आणि तिच्या संशोधनाचा विषय नेमका हाच होता: आलेलं मांजर रानटी आहे की घर हरवून घाबरलेलं, हे ओळखायचं कसं? पद्धत साधी होती. काही दिवस रोज पिंजऱ्यात हात पुढे करायचा आणि मांजर काय करतं ते बघायचं. माणसाळलेलं निघालं तर त्याच्यासाठी घर शोधायचं. रानटी निघालं तर नसबंदी करायची, खूण म्हणून डाव्या कानाचा शेंडा कापायचा आणि पकडलं तिथे नेऊन सोडायचं. ठकी रोज फिसकारली होती. एकदा तर तिने हातमोज्यातून दात रुतवले. 'पक्की रानटी,' यशोधराने जाहीर केलं होतं, आणि तेही जरा ऐटीतच.

निवाऱ्याच्या प्रमुख डॉ. चैत्राली यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सुई टोचणाऱ्याने परीक्षा घ्यायची नाही. एवढं पाळ, बाकीच्या चुका मी पोटात घालीन." पण माणसं कमी आणि कामाची घाई. सकाळी सुई टोचणारा हात आणि दुपारी मायेने पुढे येणारा हात, दोन्ही यशोधराचेच. मांजराला एवढं कुठे कळतंय, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

"चला, आजी. जागा मला माहीत आहे," ती म्हणाली आणि अंगातल्या अॅप्रनसकट बाहेर पडली.

रिक्षा नाक्याशी आली तसं यशोधरा म्हणाली, "आजी, सॉरी. चूक माझी आहे."

"माजी बी हाय," सुंदराबाई बाहेर बघत म्हणाल्या. "गरमी होईल म्हनून टोपलीवर फरका नाय बांधला."

कारखान्याच्या मागे गवत माजलं होतं आणि गंजलेले पाइप रचून ठेवले होते. सुंदराबाई उकिडव्या बसल्या. पिशवीतून सुक्या बोंबलाचे तुकडे काढून त्यांनी ताटात टाकले आणि हातातली बांगडी ताटाच्या कडेवर वाजवू लागल्या. टिण टिण, टिण टिण. हाक नाही, काही नाही. यशोधरा त्यांच्या मागे उभी राहिली.

बऱ्याच वेळाने एका पाइपातून पांढरं तोंड बाहेर आलं. डाव्या कानाची कड अजून ओलसर लाल होती. ठकी पोट जमिनीला टेकवून पुढे सरकली. मग तिची नजर वर, यशोधराकडे गेली. कान डोक्याला चिकटले, घशातून तीच ओळखीची फिसकार निघाली आणि ती पाइपात नाहीशी झाली.

"बाय, तू जा," सुंदराबाई हळूच म्हणाल्या.

"पण आजी, तिला टाके आहेत. मी नीट धरते, म्हणजे..."

"तू हायस तवर ती यायची नाय."

सुंदराबाईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. यशोधरा भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत मागे गेली. तिकडे बांगडी पुन्हा वाजू लागली.

तिने कोपऱ्यातून पाहिलं. ठकी ताटापाशी आली होती, पण बोंबलाला तोंड न लावता सुंदराबाईंच्या मनगटावर डोकं घासत होती. मग ती सरळ त्यांच्या मांडीत चढून बसली. सुंदराबाईंचा हात तिच्या पाठीवरून फिरत फिरत कानाशी आला आणि तिथेच थांबला.

यशोधराला आनंद व्हायला हवा होता. पण तिला बाकीची मांजरं आठवत होती. अंग चोरून कोपऱ्यात बसणारं ते करडं, पाण्यालाही तोंड न लावणारी ती काळी. सगळी तिनेच रानटी ठरवली होती आणि सगळी सोडून झाली होती. मॅडमना सांगावं लागेल, संशोधन पहिल्यापासून करावं लागेल; ते करता येईल. पण त्या मांजरांसाठी कुणी कुठे ताट वाजवत फिरत असेल, तर त्या माणसांना यशोधरा ती कुठून आणून देणार होती?

निदान या आजींची तरी नीट माफी मागावी, टाक्यांची काळजी कशी घ्यायची ते सांगावं, म्हणून तिने कोपऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं. मांडीतल्या ठकीचा कापलेला कान ताठ झाला.

यशोधराने पाऊल मागे घेतलं.